चारचाकीच्या टायरमधील हवा: आकडा कोठून घ्यावा, कसा मोजावा आणि पंपावर नेमके काय सांगावे

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात हवेची नळी हातात घेऊन उभा असलेला मुलगा "किती ठेवू, साहेब?" असे विचारतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण क्षणभर अडखळून "तीस-पस्तीस, तुम्हाला माहीतच आहे" असे काहीतरी उत्तर देतात. गाडी तेव्हा दहा-पंधरा किलोमीटर चालून आलेली असते, टायर तापलेले असतात, पंपावरच्या मीटरची तपासणी शेवटची कधी झाली हे कोणालाच ठाऊक नसते आणि सांगितलेला आकडा गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या आकड्याशी जुळतो की नाही हेही पाहिलेले नसते. इतक्या अनिश्चित गोष्टी एकत्र आल्यावर भरली जाणारी हवा बरोबर निघाली तर तो योगायोगच म्हणायचा. टायरमधील हवेचा निर्णय पंपावर नव्हे, तर घरी, सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी घ्यावा, आणि पंपाचा उपयोग केवळ तो निर्णय अमलात आणण्यापुरता करावा, अशी पद्धत मी गेली काही वर्षे पाळत आलो आहे. ती पायरीपायरीने येथे मांडतो.

त्याआधी हवेचे टायरमधील काम काय आहे हे समजून घेतले, तर पुढच्या पायऱ्यांमागचे कारण लक्षात येईल. गाडीचे वजन रबर पेलत नाही, रबराच्या आत कोंडलेली हवा पेलते. एका पुढच्या चाकावर सुमारे ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३३ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो इतका दाब आहे असे धरले, तर जमिनीला टेकलेला भाग सुमारे १३० चौरस सेंटिमीटर भरतो. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते, त्याचे क्षेत्रफळही जवळजवळ इतकेच. कुटुंबासह धावणारी आपली गाडी चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते, तिचे वळणे आणि थांबणेही तेवढ्याच जागेच्या भरवशावर चालते. हवा कमी झाली की हे पोस्टकार्ड पसरते, पण त्याने पकड वाढते हा समज फसवा आहे, कारण त्याबरोबर टायरच्या बाजूच्या भिंती जास्त वाकू लागतात. १६५/८० आर १४ या मापाचा टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतो, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबतो आणि पुन्हा सरळ होतो. प्रत्येक वेळी थोडी उष्णता निर्माण होते, आणि हवा कमी असेल तर ती बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने साठत जाते. महामार्गावर टायर फुटण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

आकडा कोठे लिहिलेला असतो

चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि मधल्या खांबावर, दरवाजाच्या कडेवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेले स्टिकर शोधा. तेथे न सापडल्यास गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत टायर आणि चाके या प्रकरणात हाच तक्ता असतो. त्यावर मूळ टायरचे माप, पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळे आकडे आणि पुष्कळदा कमी भार व पूर्ण भार अशा दोन स्थिती दिलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसाठी हे आकडे ३० ते ३६ पीएसआय या पट्ट्यात असतात, पण हा पट्टा केवळ अंदाजासाठी आहे. आपल्या गाडीचा आकडा आपल्या गाडीवरूनच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीवरून नव्हे.

स्टिकरवरचे एकक पाहून गोंधळू नये. पीएसआय, ज्याला जुनी माणसे अजूनही "पौंड" म्हणतात, त्याच्याबरोबर बार, किलोपास्कल किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेही आकडे असू शकतात. एक बार म्हणजे १०० किलोपास्कल आणि साधारण १४.५ पीएसआय, तर एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पीएसआय. म्हणून स्टिकरवर २३० लिहिलेले दिसले तर ते किलोपास्कल आहेत आणि पंपावर सांगायचा आकडा ३३ आहे, हे एकदा घरी बसून काढून ठेवावे. मी हे दोन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले आहेत, कारण पंपावर मागे चार गाड्या उभ्या असताना गुणाकार सुचत नाही.

येथे एक चूक फार जणांकडून होते. टायरच्या भिंतीवरही दाबाचा एक आकडा कोरलेला असतो, ४४ किंवा ५१ पीएसआय असा, आणि तोच भरायचा आकडा आहे असे काही जण समजतात. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. एकाच मापाचा टायर वेगवेगळ्या वजनांच्या गाड्यांना बसवला जातो, त्यामुळे टायर बनवणाऱ्याला आपल्या गाडीसाठी योग्य दाब कोणता हे टायरवर लिहिणे शक्यच नसते. ते काम गाडी बनवणाऱ्याचे, आणि त्याने ते दरवाजाच्या खांबावर केलेले असते.

भार पाहून आकडा निवडणे

रोज एक-दोन माणसांनी कार्यालयात जाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला कमी भाराचा आकडा पुरतो. गणपतीत मात्र हीच गाडी पाच माणसे, डिकीत ठासून भरलेल्या पिशव्या आणि टपावर बांधलेले सामान घेऊन मुंबईहून कोकणात निघते. अशा वेळी पूर्ण भाराचा रकाना वापरलाच पाहिजे. त्यात मागच्या चाकांचा आकडा पुष्कळदा पुढच्यापेक्षा बराच वाढलेला दिसतो, कारण माणसे आणि सामान यांचा वाढीव भार मुख्यतः मागच्या टायरांवर पडतो. परत आल्यावर, गाडी पुन्हा रिकामी चालणार असेल तेव्हा, हवा पूर्वीच्या आकड्यावर आणावी. दोन-तीन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. उलट क्रम मात्र चालत नाही, म्हणजे भरलेल्या गाडीत कमी हवा हा धोका एका प्रवासापुरताही पत्करू नये.

सीएनजीच्या गाड्यांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण मुंबई-पुण्यात त्यांची संख्या मोठी आहे. कंपनीतूनच सीएनजीसह आलेल्या गाडीच्या स्टिकरवरचे आकडे टाकीचे वजन धरून दिलेले असतात, तेव्हा त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीचा आकडा तिला लावू नये. नंतर बाहेरून किट बसवलेल्या गाडीच्या स्टिकरला मात्र त्या टाकीची काहीच कल्पना नसते. साठ लिटरची पोलादी टाकी रिकामी असली तरी डिकीत एक सडपातळ माणूस कायमचा बसवल्यासारखी असते. अशा गाडीत मागच्या चाकांसाठी पूर्ण भाराच्या आकड्याकडे झुकणे मला योग्य वाटते, आणि डिकीत सामान किंवा मागे माणसे असतील तेव्हा तर तोच आकडा वापरावा.

स्टिकरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवले तर चालते का, असे बरेच जण विचारतात. महिनाभरात थोडी हवा आपोआप कमी होतेच, हे लक्षात घेता एक-दोन जास्त ठेवण्यात काही गैर नाही. त्यापुढे गेल्यास टायर मधल्या पट्ट्यावर झिजतो, खड्ड्यातला धक्का रिमपर्यंत पोहोचतो आणि खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. स्टिकरपेक्षा कमी ठेवण्याची मुभा मात्र स्वतःला कधीच देऊ नये.

टायर थंड म्हणजे नेमके काय

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा उभी राहिल्यानंतर दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसेल, तर टायर थंड समजावा. गाडी धावू लागली की आतली हवा तापते आणि दाब तीन ते पाच पीएसआयने वाढतो, भर उन्हात वेगाने धावल्यास त्याहूनही थोडा अधिक. ही वाढ गाडीच्या कंपनीने आधीच गृहीत धरलेली असते. म्हणून तापलेल्या टायरमध्ये ३७ किंवा ३८ दिसले म्हणून हवा कमी करणे ही घोडचूक आहे, कारण रात्री गाडी थंड झाली की तोच टायर २९ वर येऊन बसतो.

थंड टायरवरही ऋतूचा परिणाम होतोच. नागपुरात मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी ३० अंश तापमानाला ३३ पीएसआय भरलेली हवा, काही गळती नसली तरी, डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे सुमारे ३० दाखवते. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की दीड पीएसआयच्या थोडे वर कमी होतात. थंडी सुरू होताच गाडीतला हवेचा इशारादर्शक दिवा सकाळी लागतो आणि दुपारी विझतो, याचे कारण हेच. अशा वेळी दिवा विझला म्हणून विषय सोडून न देता, सकाळच्या थंड हवेत मोजून तेवढी भर घालावी.

याच संदर्भात एक जुना समज खोडून काढणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा दोन-चार पौंड कमी ठेवावी, असा सल्ला विदर्भ-मराठवाड्यात अनेक अनुभवी चालक मनापासून देतात. तापल्यावर दाब वाढतो हे त्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. चांगल्या स्थितीतल्या टायरला चार-पाच पीएसआयची वाढ सहज सोसते. त्याला सोसत नाही ती कमी हवेमुळे भिंती वाकून निर्माण होणारी उष्णता. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि नागपूरपासून मुंबईपर्यंतच्या ७०१ किलोमीटरमध्ये वेग कमी करायला लावणारे फारसे काही नाही. अशा रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी उतरायचे असेल, तर हवा कमी करून निघण्यासारखे दुसरे अविचारी काम नाही. त्या प्रवासासाठी पूर्ण भाराचा आकडा, थंड टायरमध्ये, आदल्या दिवशी किंवा त्याच पहाटे भरावा, आणि दर दीड-दोन तासांनी थांबून चारही टायरांवर हात फिरवून पाहावा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेला लागला, तर त्याची हवा लगेच मोजावी.

घाट चढल्यावर आकडा बदलतो का, ही शंकाही रास्त आहे. गेज टायरमधला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजते, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला गेले की बाहेरची हवा विरळ झाल्याने आकडा सुमारे दोनने वाढतो. पण वर थंडी असते आणि ती आकडा जवळपास तेवढाच खाली आणते. अशा सहलीसाठी हवेत काहीही बदल करू नये.

स्वतःचे गेज

आता हत्याराकडे येऊ. पंपावरच्या मीटरवर मी विसंबत नाही, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नेहमीच्या एका पंपावर दर पंधरा दिवसांनी नियमाने हवा भरूनही माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर दोन्ही कडांना झिजत होते. शेवटी गेज विकत घेऊन घरी मोजले तेव्हा पंपावरचे ३३ हे प्रत्यक्षात २९ च्या आसपास निघाले. कोणी फसवले नव्हते, दिवसभर नळी आपटून मीटर बिघडले होते इतकेच.

गेज तीन प्रकारची मिळतात. पेनासारखे दांडीचे गेज स्वस्त आणि टिकाऊ असते, पण त्यावर एक-दोन पीएसआयचा फरक नीट वाचता येत नाही. काटा असलेले गोल गेज वाचायला सोपे, मात्र ते खाली पडू देऊ नये. डिजिटल गेज अंधारातही वाचता येते, फक्त सेल संपत आला की ते विचित्र आकडे दाखवू लागते. माझ्या मते कोणतेही एक चालते, पण ते नेहमी तेच असावे. दर वेळी त्याच गेजने मोजल्यास गेजमध्ये थोडी चूक असली तरी हवेतला बदल बरोबर कळतो. वर्षातून एकदा ते एखाद्या चांगल्या टायर दुकानातल्या गेजशी ताडून पाहावे, आणि फरक सापडल्यास त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवावा.

नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेण्याचा प्रयत्न करू नये. रेडियल टायर योग्य हवेतही खालच्या बाजूला थोडे पोट सुटल्यासारखे दिसतात, त्यामुळे २४ आणि ३३ यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. ट्रकचालक टायरवर दांडा आपटून आवाजावरून हवा ओळखतात, पण ती युक्ती त्यांच्या उंच दाबाच्या जाड टायरांसाठी आणि वर्षानुवर्षे तयार झालेल्या कानासाठी आहे. मोटारीच्या टायरला लाथ मारून काहीही कळत नाही.

घरी मोजण्याची पद्धत

सकाळी, गाडी सावलीत सपाट जागी उभी असताना मोजावे. एका बाजूला ऊन पडलेले असेल तर त्या बाजूचे टायर पीएसआय-दीड पीएसआय जास्त दाखवू शकतात. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवावी, जमिनीवर ठेवली तर तिच्यातली वाळू पुढे व्हॉल्व्हमध्ये जाते. गेजचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ आणि घट्ट दाबावे. क्षणभर फुस्स आवाज येऊन थांबला पाहिजे, आवाज चालूच राहिला तर गेज तिरके बसले आहे असे समजून पुन्हा लावावे. प्रत्येक टायर दोनदा मोजावा आणि दोन्ही आकडे जुळले तरच लिहून घ्यावा. मग टोपी परत बसवावी. ही टोपी शोभेची नाही. व्हॉल्व्हच्या पिनेवर माती आणि पावसाळ्यातला चिखल बसू नये यासाठी ती आहे, आणि पिनेवर खडा अडकला की हवा हळूहळू जात राहते.

आता चार आकड्यांसमोर स्टिकरवरचे चार आकडे लिहून प्रत्येकाची वजाबाकी करावी. समजा, चारही टायरांना ३३ हवे आहेत आणि मोजल्यावर पुढचा डावा २९, पुढचा उजवा ३०, मागचा डावा ३१ आणि मागचा उजवा ३० निघाला, तर फरक अनुक्रमे ४, ३, २ आणि ३. पंपावर जाताना लक्षात ठेवायचे ते हे चार फरक.

पंपावर फरक भरावा

ही पायरी बहुतेकांच्या ओळखीची नसते, म्हणून तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावे. घरापासून पंप चार किलोमीटरवर आहे असे धरा. तेथे पोहोचेपर्यंत टायर थोडे तापतात आणि २९ वर असलेला पुढचा डावा टायर पंपाच्या मीटरवर कदाचित ३१ दाखवतो. आपण "३३ करा" असे सांगितले तर दोनच पीएसआय भरले जातील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ३१ वरच असेल. त्याऐवजी पंपाचे मीटर जो काही आकडा दाखवेल त्यात घरी काढलेला फरक मिळवावा. ३१ अधिक ४ म्हणजे ३५ करायला सांगावे. पंपाचे मीटर मुळातच दोन पीएसआय जास्त दाखवत असेल तरी ही पद्धत चुकत नाही, कारण तीच चूक भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर दोन्ही वेळा येते आणि वजाबाकीत निघून जाते. टायरची उष्णता आणि मीटरचा बिघाड, दोन्ही त्रास या एका बेरजेने टळतात.

हल्ली पुष्कळ पंपांवर आकडा ठरवून दिला की आपोआप थांबणारी डिजिटल यंत्रे असतात. त्यांच्यावर अधिक-उणेच्या बटणांनी लक्ष्य ठरवता येते, पण आधी नळी लावून सध्याचा आकडा वाचावा आणि मगच फरक मिळवून लक्ष्य बदलावे. प्रत्येक टायरचा फरक वेगळा असल्याने लक्ष्यही प्रत्येक वेळी बदलावे लागते, आणि नळी धरणारा मुलगा यावर थोडा कंटाळतो. त्याला नम्रपणे थांबवावे. "दादा, या टायरला ३५ आणि पुढच्याला ३४ करा" असे स्पष्ट सांगितले की काम होते. साध्या हवेसाठी पंपावर पैसे द्यावे लागत नाहीत, त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही.

घरी सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा पंप असेल तर वरची बेरीज करावीच लागत नाही, कारण टायर थंड असतानाच स्टिकरचा आकडा थेट भरता येतो. असा पंप वापरताना इंजिन सुरू ठेवावे म्हणजे बॅटरी उतरत नाही, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही सुरू ठेवू नये. पंपाच्या पुस्तिकेत दिलेल्या वेळेनंतर त्याला विश्रांती द्यावी, नाहीतर तोच जळतो.

दूरच्या प्रवासात टायर तापलेला असताना हवा कमी असल्याचे लक्षात आले आणि सकाळचा आकडा माहीत नसला, तर थंड टायरच्या आकड्यापेक्षा चार पीएसआय जास्त धरून भरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून नेमके करावे.

चार आकडे काय सांगतात

महिन्यातून एकदा मोजलेले आकडे वहीत किंवा मोबाइलमध्ये ठेवले तर टायरची तब्येत कळू लागते. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतो. चारही टायर सारखेच उतरले असतील तर चिंता नाही. एकच टायर बाकीच्यांपेक्षा तीन किंवा जास्त पीएसआयने उतरत असेल, तर मात्र त्यात नुसती हवा भरत राहू नये, कारण शोधावे. साबणाचे पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग टायरच्या नक्षीवर आणि शेवटी टायर रिमला भिडतो त्या कडेवर लावावे, आणि बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. कोकणात लोखंडी रिमच्या कडेला गंज धरून तेथून हवा जाणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यावर टायर उतरवून कडा घासणे हाच उपाय. नक्षीत खिळा दिसला तर तो घरी उपटू नये. ट्यूबलेस टायरमध्ये तोच खिळा बुचासारखा हवा अडवून असतो, म्हणून हवा भरून गाडी तशीच पंक्चरवाल्याकडे सावकाश न्यावी.

झिजेचा नमुनाही वाचावा. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग भरलेला असेल तर बराच काळ हवा कमी होती. मधलाच पट्टा झिजला असेल तर जास्त होती. एकच कड झिजली असेल तर दोष हवेचा नसून चाकांच्या कोनाचा आहे आणि अलाइनमेंट करून घ्यावी लागेल. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर बदलणे भाग आहे. खाचांमध्ये बसवलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ही मर्यादा गाठली असे समजावे.

पावसाळ्यात हे सगळे अधिक गंभीर होते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलतो, असे विमानांच्या टायरांवर नासात झालेल्या प्रयोगांतून दिसून आले होते. तेच सूत्र ढोबळपणे मोटारीला लावले तर ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८० च्या थोडा वर. प्रत्यक्षात नक्षीची खोली आणि पाण्याची जाडी यांवर पुष्कळ अवलंबून असते, पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलैच्या सरीत ८० आणि ९५ यांत किती अंतर आहे, हे तेथे गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. इंधनाच्या बचतीसाठी हवा बरोबर ठेवा, हा सल्ला त्यामानाने मला दुय्यम वाटतो. चारही टायरांत एक पीएसआय कमी झाल्यास इंधनाचा खर्च साधारण ०.२ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पाच पीएसआय कमी असतील तर अवघा एक टक्का.

नायट्रोजन, इशारा देणारा दिवा आणि बदललेले टायर

नायट्रोजन भरण्याविषयी थोडक्यात. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. शुद्ध नायट्रोजन टायरमधून थोडा कमी वेगाने झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, हे त्याचे खरे फायदे. महिन्याला मोजणाऱ्या माणसाला त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. आणि नायट्रोजन भरलेला टायर कमी झाला असेल व जवळ फक्त साधी हवा असेल, तर ती बिनदिक्कत भरावी, मिसळल्याने काहीही होत नाही.

नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचे सांगणारा दिवा असतो, कंसासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाब मोजणारे यंत्र असते आणि पडद्यावर आकडे दिसतात. काहींत मात्र चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून अंदाज बांधला जातो, आणि अशा गाडीत चारही टायर सारखेच उतरले तर दिवा लागेलच असे नाही. त्या प्रणालीला हवा भरल्यावर पुन्हा सुरुवातीच्या स्थितीवर आणावे लागते, नाहीतर ती चुकीच्या दाबालाच योग्य मानून बसते. सुरुवातीला दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर हवेपेक्षा प्रणालीतच बिघाड असण्याची शक्यता जास्त. दिवा लागेपर्यंत दाब पुष्कळ घसरलेला असतो, त्यामुळे तो मोजण्याचा पर्याय ठरत नाही.

मूळ मापाऐवजी दुसऱ्या मापाचे टायर बसवले असतील तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. टायरवर मापानंतर येणारा आकडा भारक्षमता सांगतो: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. नव्या टायरचा हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. 'एक्स्ट्रा लोड' लिहिलेला टायर तेवढाच भार उचलण्यासाठी जास्त दाब मागतो, म्हणून तो घेतल्यास दुकानदाराकडून टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे आकडा काढून घ्यावा आणि तो मूळ स्टिकरखाली लिहून चिकटवावा.

शेवटी स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास बनू लागलेल्या जादा चाकाचे नाव आपल्याकडे सर्वच जादा चाकांना चिकटले, आणि तेथल्या लोकांच्या विस्मरणात गेलेला हा शब्द आपल्या प्रत्येक गॅरेजात रोज बोलला जातो. डिकीतली ही स्टेपनी महिन्याच्या मोजणीत हमखास सुटते. पूर्ण आकाराची असेल तर तिच्यात स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावे, कारण हवा काढून टाकणे रस्त्यात सोपे असते, भरणे नव्हे. माप 'टी' ने सुरू होणारी, अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला ६० पीएसआय लागतात आणि ती लावून ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नये. स्टेपनी ठेवताना तिचा व्हॉल्व्ह वर येईल असे पाहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात सामान न काढता गेज लावता येईल.